स्वतःची चूक शोधणारे आकडे

वडापावच्या गाडीवर टांगलेला क्यूआर कोड एकदा नीट निरखून बघा. पैसे दिले की आपण फोन खिशात टाकतो, त्या चौकोनाकडे कोण बघतंय? पण बघाच. एका कडेला तेलाचा डाग असतो. लॅमिनेशन सुटून पावसाचं पाणी आत शिरलेलं असतं, शाई फुटलेली असते. आणि कहर म्हणजे बरोब्बर मधोमध पेमेंट कंपनीने स्वतःचं बोधचिन्ह छापलेलं असतं. त्या जागी असायला हवे होते ते काळे-पांढरे ठिपके तिने खुशाल झाकून टाकलेले असतात.

तरी फोन समोर धरायचा अवकाश, गाडीवाल्याचं नाव पडद्यावर हजर!

यात नवल ते काय, असं वाटत असेल तर जरा थांबा. त्या चौकोनातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक बिट: १ किंवा ०. ते सगळे ओळीने वाचले की गाडीवाल्याचा यूपीआय पत्ता तयार होतो. एक ठिपका चुकीचा वाचला गेला की पत्त्यातलं एक अक्षर बदललं. मग एक तर व्यवहार अडायला हवा, नाहीतर तुमचे वीस रुपये भलत्याच कुणाच्या खात्यात जायला हवेत. इथे तर पुसलेले, झाकलेले ठिपके डझनांनी आहेत. मग पैसे योग्य माणसाला कसे पोचतात? फोन अंदाज ठोकतो का? मुळीच नाही. झाकलेले ठिपके काळे होते की पांढरे, हे फोन गणित करून काढतो, आणि ठामपणे काढतो. न दिसणारं, दिसणाऱ्यावरून!

इंजिनीअरिंगच्या मुलांना हा विषय ‘एरर करेक्शन’ या नावाने असतो. बहुतेक जण परीक्षेच्या आदल्या रात्री त्याचे तक्ते पाठ करतात, दहा मार्कांचा प्रश्न सोडवतात आणि विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही, विषय शिकवलाच इतका कोरडा जातो. माझ्या मते मात्र विसाव्या शतकाला सुचलेल्या सगळ्यात देखण्या कल्पनांपैकी ही एक आहे.

आधी हे बघू, की यंत्राकडून चूक होतेच कशी? कॉम्प्युटर कधी चुकत नाही, माणूस चुकतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

मे २००३. बेल्जियममध्ये निवडणूक झाली, मतदान यंत्रावर. ब्रसेल्समधल्या स्कारबेक भागात एका उमेदवाराच्या नावावर इतकी मतं निघाली की नियमांनुसार तेवढी मिळणं शक्यच नव्हतं. फेरमोजणी केली. फरक निघाला बरोब्बर ४०९६ मतांचा. यंत्र तपासलं, प्रोग्रॅम तपासला, दोष सापडेना. पण ४०९६ हा आकडा कॉम्प्युटरवाल्यांच्या ओळखीचा. बारा वेळा २ घेऊन गुणाकार करा, उत्तर ४०९६. म्हणजे यंत्राच्या स्मृतीत मतांचा जो आकडा शून्य-एकच्या भाषेत लिहिलेला होता, त्यातला उजवीकडून तेरावा बिट ० चा १ झाला होता. एकच बिट! कुणी बदलला? संशय गेला तो थेट अवकाशावर. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून निघालेले कण पृथ्वीच्या वातावरणावर आदळतात, त्यांतून नव्या कणांचा वर्षाव होतो आणि त्यातला एखादा चिपमध्ये घुसून एका बिटाचा विद्युतभार बदलून जातो. असा कण मागे काही खूण ठेवत नाही, त्यामुळे पुरावा कुणाच्याच हाती लागला नाही. दुसरं पटण्याजोगं कारणही सापडलं नाही.

हा वर्षाव आत्ता, हे वाचतानाही चालू आहे. तळहात आडवा धरा. म्यूऑन नावाचा एक कण साधारण दर सेकंदाला त्यातून आरपार जातोय. हे बिचारे बहुतेक निरुपद्रवी. चिपला त्रास देतात ते मुख्यतः त्यांच्याबरोबर येणारे न्यूट्रॉन. (आपल्या होमी भाभांनी तरुणपणी केंब्रिजमध्ये असताना नाव कमावलं ते या अवकाशी कणांच्या वर्षावाचं गणित मांडून. अणुभट्ट्या नंतरच्या.)

बरं, आकाशाकडेच बोट दाखवायचं कारण नाही. १९७८ च्या सुमारास इंटेलच्या मेमरी चिपमधले बिट मधूनच बदलू लागले. चिप धडधाकट, पण आकडे चुकीचे. शोध घेतला तर गुन्हेगार निघालं चिपचं सिरॅमिकचं कवच. त्या मातीत युरेनियम आणि थोरियमचे अंश होते, त्यांतून सुटणारे अल्फा कण आतल्या बिटांना धक्के देत होते. जे कवच रक्षणासाठी घातलं तेच आतून गोळ्या झाडत होतं!

आणि रोजचे उपद्रव वेगळेच. लिफ्टमध्ये क्षीण होणारा सिग्नल, तारेतली विजेची खरखर, झिजत जाणारी डिस्क. चूक होणारच, हे ठरलेलं. अब्जावधी बिट सेकंदागणिक हलवायचे आणि एकही चुकू द्यायचा नाही, असं यंत्र बनवणं माणसाच्या आवाक्यात नाही. मग करायचं काय?

पहिला उपाय कुणालाही सुचेल: प्रत्येक गोष्ट तीनदा सांगा. १ पाठवायचा तर १११ पाठवा. समोर १०१ पोचलं तर बहुमताने ठरवा की मूळ १ होता. उपाय चालतो. शंभरात एक बिट बिघडत असेल, तर आता दहा हजारांत जेमतेम तीन बिघडतील. पण किंमत? एका सिनेमाच्या जागी तीन सिनेमांचा डेटा. आणि दहा हजारांत तीन हेही थोडं नाही. बँकेला विचारून बघा.

दुसरा उपाय स्वस्तातला. बिटांच्या गठ्ठ्यामागे एकच जादा बिट जोडा, असा की गठ्ठ्यातल्या १ ची एकूण संख्या नेहमी सम यावी. पोचल्यावर मोजा. विषम आली की कळलं, काहीतरी बिघडलंय. याला पॅरिटी म्हणतात. पण बिघडलंय कुठे? ते कळत नाही. फारतर ‘पुन्हा पाठवा’ म्हणता येतं.

१९४७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग नावाचा बत्तीस वर्षांचा गणिती याच दुखण्याने वैतागला होता. तिथला कॉम्प्युटर रिलेंचा होता. रिले म्हणजे विजेच्या जोरावर उघडझाप करणारी लोखंडी कळ. अशा नऊ हजारांच्या आसपास कळा खटखटत आकडेमोड करायच्या. हॅमिंगला यंत्र मिळायचं शनिवार-रविवारी. शुक्रवारी काम लावून घरी जायचं, सोमवारी येऊन उत्तर घ्यायचं. यंत्राला चूक झालेली कळायची. एरवी चूक झाली की तिथली माणसं धावून यायची, पण सुट्टीच्या दिवशी कोण येणार? मग यंत्र ते काम सोडून द्यायचं आणि पुढचं काम हातात घ्यायचं. लागोपाठ दोन सोमवारी हॅमिंगच्या हाती भोपळा आला. तेव्हा त्याने चिडून स्वतःला जो प्रश्न विचारला तो फार महागामोलाचा ठरला: चूक झाली एवढं या यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये? आणि कुठे हे कळलं तर दुरुस्त का करू नये?

शेवटचा भाग तर फुकटचाच आहे. बिटाला दोनच अवस्था. एखादा बिट चुकीचा आहे असं नक्की कळलं की बरोबर काय ते वेगळं शोधावंच लागत नाही. १ चुकीचा असेल तर तो ० च असणार. म्हणजे सगळा प्रश्न फक्त चुकीच्या ठिकाणाचा.

आता पेन्सिल घ्या. हॅमिंगची युक्ती नुसती वाचून पटत नाही, हाताने करावी लागते.

सात जागा काढा, क्रमांक १ ते ७. आपला निरोप चार बिटांचा, समजा १, ०, १, १. तो ३, ५, ६ आणि ७ या जागांवर क्रमाने ठेवा. १, २ आणि ४ या जागा सध्या रिकाम्या. तिथे तपासनीस बसणार. आता गंमत बघा: १, २ आणि ४ यांच्या बेरजांतून १ ते ७ मधली प्रत्येक संख्या बनते, आणि एकाच प्रकारे बनते. ३ म्हणजे १ अधिक २. ५ म्हणजे १ अधिक ४. ६ म्हणजे २ अधिक ४. आणि ७ मध्ये तिघंही. ज्या संख्येत १ आला ती पहिल्या तपासनिसाच्या ताब्यात: म्हणजे १, ३, ५, ७ या जागा. ज्यात २ आला त्या दुसऱ्याकडे: २, ३, ६, ७. ज्यात ४ आला त्या तिसऱ्याकडे: ४, ५, ६, ७. प्रत्येकाचं काम एकच, आपल्या चार जागांमधल्या १ ची संख्या सम राखणं.

पहिल्याकडे ३, ५, ७ या जागांवर १, ०, १ आहेत. दोन एक, म्हणजे समच. तो स्वतः ० होऊन बसतो. दुसऱ्याकडे ३, ६, ७ वर तीन एक, विषम. म्हणून तो १ होतो. तिसऱ्याकडे ५, ६, ७ वर दोन एक, तो ०. तयार झालेला निरोप: ०, १, १, ०, ०, १, १.

हा निरोप वाटेला लागला आणि वाटेत सहाव्या जागेचा १ चा ० झाला. समोरच्याला मिळालं ०, १, १, ०, ०, ०, १. मूळ काय होतं ते त्याला ठाऊक नाही. तो फक्त तिघांना विचारतो. पहिला मोजतो: १, ३, ५, ७ या जागांवर दोन एक. माझ्याकडे ठीक. दुसरा मोजतो: २, ३, ६, ७ वर तीन एक. माझ्याकडे गडबड! तिसरा मोजतो: ४, ५, ६, ७ वर एकच. माझ्याकडेही गडबड!

तक्रार कुणाची? २ आणि ४ या जागांवर बसलेल्यांची. बेरीज करा. ६. चूक सहाव्या जागी!

बघितलंत? तक्रार करणाऱ्यांच्या क्रमांकांची बेरीज हाच चुकीचा पत्ता. पुन्हा करून बघा, कुठलीही जागा बिघडवा. पाचवी बिघडवलीत तर १ आणि ४ ओरडतील. सातवी बिघडवलीत तर तिघंही. आणि तपासनीसच बिघडला तर? समजा चौथी जागा बिघडली. ती बाकी दोघांच्या ताब्यात नाही, त्यामुळे एकटा ४ ओरडेल, आणि बेरीज ४ च येईल. तपासणारा स्वतः चुकला तरी पत्ता बरोबर लागतो. कुणीच ओरडलं नाही तर बेरीज ०, म्हणजे सगळं क्षेम. सात जागा आणि एक ‘क्षेम’, अशा आठच शक्यता. आणि तीन जणांच्या होय-नाहीतून बनणारी उत्तरंही आठच. ना एक कमी, ना एक जास्त!

लहानपणी जत्रेत मिळणारी ती जादूची कार्डं आठवतात? मनात एक संख्या धरा, ती कुठल्या कुठल्या कार्डावर आहे ते सांगा, आणि समोरचा पोरगा लगेच तुमची संख्या ओळखून दाखवायचा. तो तुम्ही ‘हो’ म्हटलेल्या कार्डांवरचे पहिले आकडे मनातल्या मनात मिळवत असायचा, बस. हॅमिंगने केलं ते अगदी हेच. फरक एवढाच की त्याच्या खेळात संख्या कुणी मनात धरत नाही. ती चूक धरते.

आता खरा चक्रावून टाकणारा भाग. चार बिटांसाठी तीन तपासनीस महाग वाटले ना? निरोप वाढवत न्या. सहा तपासनीस ५७ बिट सांभाळतात. सात सांभाळतात १२०. आणि वीस? वीस तपासनीस १०,४८,५५५ बिट सांभाळतात. दहा लाखांवर बिटांच्या गर्दीत एक बिट कुठेतरी उलटला, आणि अवघ्या वीस जादा बिटांनी त्याच्यावर नेमकं बोट ठेवलं!

मेख एकच. दोन बिट एकदम बिघडले तर ही युक्ती फसते, आणि फसते ती मोठ्या थाटात: तिसऱ्याच निर्दोष बिटाला गुन्हेगार ठरवून उलटवते. म्हणून व्यवहारात आणखी एक, सगळ्यांवर नजर ठेवणारा पॅरिटी बिट जोडतात. मग एक चूक दुरुस्त होते आणि दोन झाल्या तर निदान कळतं. बँकांच्या, रेल्वे आरक्षणाच्या मागे असतात तसल्या सर्व्हरमध्ये दर ६४ बिटांमागे असे ८ जादा बिट ठेवायची पद्धत आहे. अशा मेमरीच्या जुन्या पट्ट्यांवर एका बाजूला आठच्या जागी नऊ काळ्या चिपा दिसतात. ती नववी हॅमिंगची.

हॅमिंगचा लेख छापून यायला १९५० उजाडलं, पेटंटच्या भानगडीत अडकल्यामुळे. तोवर त्याच बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅननने १९४८ साली एक निबंध लिहून ठेवला होता. त्यात उदाहरण म्हणून हॅमिंगची ही सात बिटांची रचना त्याच्या नावासकट दिली होती. पण शॅननचा स्वतःचा दावा इतका धाडसी होता की आजही पहिल्यांदा वाचणारा तो दोनदा वाचतो.

तोपर्यंत सगळ्यांची समजूत अशी: जितकी खात्री हवी तितकं जास्त घोकायला हवं. तीनदा, पाचदा, पन्नासदा. खात्री शंभर टक्क्यांजवळ न्यायची तर वेग शून्याजवळ जाणार. शॅनन म्हणाला, छे! प्रत्येक वाटेची, म्हणजे तार असो, रेडिओ असो, काही एक क्षमता असते. त्या क्षमतेच्या आत राहून पाठवलंत तर चुकीची शक्यता हवी तितकी कमी करता येते, वेग न घटवता. शंभरात एक बिट बिघडवणारी तीच मघाची वाट घ्या. तीनदा घोकण्याच्या पद्धतीत हजार बिटांमागे दोन हजार जादा लागले होते आणि तरी चुका उरल्या होत्या. शॅननचं गणित सांगतं, जेमतेम नव्वद जादा बिट पुरेत. हजारामागे नव्वद! आणि चुका जवळजवळ शून्य. अट एकच: तुकडे छोटे नकोत, लांबलचक गठ्ठे करून एकत्र गुंफा.

गुंफायचं कसं? ते त्याने सांगितलंच नाही. अशी गुंफण असते, एवढं सिद्ध केलं आणि मोकळा झाला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं जगभरचे गणिती आणि इंजिनीअर ती शोधत बसले. एक गुंफण तर रॉबर्ट गॅलेगरने १९६० मध्येच डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडली होती, पण ती चालवण्याइतके कॉम्प्युटर त्या काळी ताकदवान नव्हते. प्रबंध धूळ खात पडला. १९९० च्या दशकात लोकांनी तो उकरून काढला, आणि आज तुमच्या ५जी फोनवर येणारा प्रत्येक व्हिडिओ त्या गुंफणीतून येतो.

मधल्या काळात या शास्त्राला सगळ्यात मोठं गिऱ्हाईक मिळालं ते अवकाशयानांचं. तिथे ‘पुन्हा पाठव’ म्हणायची सोय नाही. १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरणाऱ्या मरिनर ९ ने फोटो पाठवले तेव्हा प्रत्येक ठिपक्याचे ६ बिट वाढवून ३२ केले होते. त्यांतले सात बिघडले तरी मूळ सहा जसेच्या तसे परत मिळत. आणि व्हॉयेजर? १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ आता २,४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे. त्याच्या रेडिओची ताकद सुमारे २० वॅट, म्हणजे आपल्या घरातल्या एलईडी ट्यूबएवढी. तेवढ्या उजेडात ते बोलतं, आणि आपल्याला शब्द न् शब्द कळतो.

जुळ्या व्हॉयेजर यानांवर आणखी एक युक्ती निघतानाच बसवलेली होती. गुरू आणि शनी होईपर्यंत ती वापरलीच नाही. १९८६ मध्ये व्हॉयेजर २ युरेनसपाशी पोचलं तेव्हा ती कामाला लागली. वडापावच्या गाडीवर आहे ती हीच युक्ती. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० साली ती मांडली, अवघ्या पाच पानांच्या लेखात.

तिचं मर्म आठवीच्या भूमितीत आहे. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते. समजा मला दोन आकडे पाठवायचेत, ४ आणि ७. आलेखाच्या कागदावर ते दोन बिंदू मांडले, रेषा ओढली आणि तीच पुढे वाढवली, तर पुढचे आकडे येतात १० आणि १३. मी चारही पाठवतो: ४, ७, १०, १३. वाटेत एक बिघडला आणि तुम्हाला मिळालं ४, ७, १५, १३. काय दिसतं? तीन बिंदू एका रेषेत आहेत, एक बाहेर पडलाय. कुठला ते कुणी सांगायला नको, आणि तो कुठे असायला हवा तेही रेषाच सांगते. आकडे बिघडण्याऐवजी सरळ पुसलेच गेले असतील, तर चारपैकी कुठलेही दोन गेले तरी चालतं. उरलेल्या दोघांतून रेषा ओढा, गेलेले परत हजर!

प्रत्यक्षात आकडे दोन नसतात, डझनांनी असतात, म्हणून रेषेच्या जागी वळणावळणाचा वक्र येतो. जितके जास्त आकडे तितकी जास्त वळणं, पण तत्त्व तेच. आणि इथे एक अडचण उभी राहते. वक्र वाढवत नेला की आकडे फुगत जातात. आपल्याकडे तर एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढीच जागा. असं एखादं अंकगणित असेल का, की ज्यात संख्या फक्त २५६, आणि त्यांची कशीही बेरीज, वजाबाकी, गुणाकार करा, शून्य सोडून कशानेही भागा, उत्तर त्या २५६ मध्येच पडतं आणि कधी अपूर्णांक येत नाही?

आहे. एव्हारिस्त गॅल्वा नावाच्या फ्रेंच मुलाने ते १८३० मध्ये मांडून ठेवलं होतं. मुलगाच म्हणायचा, कारण १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात गोळी लागून तो गेला तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याच्या २५६ संख्यांच्या अंकगणितात १ अधिक १ बरोबर ०. या विचित्र गणिताचा तेव्हा कुणाला काडीचा उपयोग दिसत नव्हता. आज तुम्ही चहाचे दहा रुपये स्कॅन करून देता तेव्हा फोन गॅल्वाच्या पद्धतीने भागाकार करत असतो.

याच घराण्यातली आणखी एक थोर रचना बीसीएच नावाने ओळखली जाते. त्यातले ‘बी’ आणि ‘सी’ आपल्याकडचे: होशंगाबादला जन्मलेले, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले राजचंद्र बोस आणि त्यांचे शिष्य द्विजेंद्र राय-चौधरी. ‘एच’ म्हणजे ओकँगेम हा फ्रेंच गणिती; त्याने ती स्वतंत्रपणे, थोडी आधीच शोधली होती. आमच्या अभ्यासक्रमात हे तीन अक्षरी नाव येतं, माणसं येत नाहीत.

आता क्यूआर कोड. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो बनवला, मोटारीच्या सुट्या भागांवर चिकटवण्यासाठी. कारखान्यात तेल, वंगण, काजळी यांचंच राज्य, म्हणून पहिल्यापासून त्यात रीड-सॉलोमन घातलं. दुरुस्तीच्या चार पायऱ्या ठेवल्या. सगळ्यात वरच्या पायरीवर सुमारे ३० टक्के माहिती नष्ट झाली तरी कोड वाचता येतो. मधोमध बोधचिन्ह छापणारी कंपनी याच सवलतीवर डल्ला मारते. ते चिन्ह गणिताच्या दृष्टीने निव्वळ डाग आहे, मुद्दाम पाडलेला! फोन तो इमानेइतबारे दुरुस्त करतो, रोज, कोट्यवधी वेळा.

दुरुस्ती सगळ्याची होत नाही, हेही गमतीचं. क्यूआरच्या मधल्या भागावर बोटाचं टोक ठेवा, बहुतेकदा स्कॅन होईल. तेच बोट तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांपैकी एकावर ठेवा, फोन आंधळा होईल. ते तीन चौकोन माहितीचे नाहीतच, दिशेचे आहेत. त्यांच्या मध्यातून कशीही रेघ ओढा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण १, १, ३, १, १ असंच येतं. छापील कागदांवर हे प्रमाण सहसा आढळत नाही, असं ढीगभर छापील मजकूर मोजून हारांच्या चमूने ठरवलं होतं. कोड आहे कुठे, हेच सापडलं नाही तर रीड-सॉलोमन तरी काय करणार?

यंत्राच्या चुकांचं झालं. माणसाच्या चुकांचं काय? आधार क्रमांक टंकताना आपण करतो त्या चुका मुख्यतः दोन: एक आकडा चुकवणं किंवा शेजारचे दोन अदलाबदल करणं. ३७ च्या जागी ७३. साध्या बेरजेने ही अदलाबदल पकडता येत नाही, कारण ३ अधिक ७ काय किंवा ७ अधिक ३ काय, १० च. १९६९ मध्ये याकोबस व्हरहुफ या डच गणितीने विचार केला, क्रम बदलला की उत्तर बदलेल अशी बेरीज का घेऊ नये? पुठ्ठ्याचा पंचकोन कापा. तो त्याच साच्यात परत बसवायचे पाच प्रकार, उलटा करून आणखी पाच. एकूण दहा, म्हणजे आपल्या ० ते ९ या आकड्यांएवढे! आणि आधी फिरवून मग उलटा केला, तर जी स्थिती येते ती आधी उलटा करून मग फिरवल्यावर येत नाही. क्रम पकडला गेला. आधारचा बारावा आकडा या पंचकोनाच्या हिशेबातून येतो. बाकीच्या अकरांत एक चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले की तो जुळत नाही.

बँकेच्या कार्डावरचा शेवटचा आकडाही असाच तपासनीस, जरा सोप्या हिशेबाचा. तो मात्र तुम्ही आत्ता घरी तपासू शकता. तुमचं सोळा आकडी कार्ड काढा. उजवीकडून मोजत दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक आकडे दुप्पट करा. दुप्पट दोन आकडी झाली तर त्यातून ९ वजा करा. मग न बदललेल्या आकड्यांसकट सगळ्यांची बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा ० आलाच पाहिजे. आता मधला कुठलाही एक आकडा मुद्दाम बदला आणि पुन्हा बेरीज करा. शेवटी शून्य आणून दाखवा बघू. आणि हो, हिशेब झाला की तो कागद बारीक फाडून टाका.